काळ्या कुत्र्याचा फोटो काळ्या ग्रॅनाइटवर लेझरने येतो का? पॉवर-स्पीड किती ठेवावं?

येतो, आणि चांगला येतो. तुम्ही लिहिलंय की 60 वॅटच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीच्या) लेझर मशीनवर काळ्या लॅब्राडॉरचा फोटो टाकला तर आधी नुसती जीभ आणि दात उमटले, पॉवर वाढवून पुन्हा टाकला तर धूसर पांढरा गोळा झाला, आणि दुकानदार म्हणतो काळं जनावर काळ्या दगडावर येतच नाही. हे वाक्य आमच्या लातूरकडेही सर्रास ऐकवतात आणि ते साफ चूक आहे. दोष मशीनचा नाही, दगडाचाही नाही. फाइलचा आहे.

लेझरचा ठिपका पॉलिशवर पडला की दगडाचे बारीक कण तडकतात आणि तिथं करडा-पांढरा डाग उठतो. ठिपका एक तर उठतो, नाही तर उठत नाही. मधल्या छटा ठिपक्यांच्या दाटी-विरळीतूनच तयार कराव्या लागतात. म्हणजे काळ्या कुत्र्याचा रंग कोरायचाच नाही, तो दगडात आयता आहे. कोरायचा तो त्याच्या अंगावर पडलेला उजेड.

देवणी बैलाचं एक काम सांगतो. वानेरा होता, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या बाजू काळ्या. शेतातल्या समाधीवर 12 बाय 18 इंची पाटी लावायची होती आणि फोटो एकच, पोळ्याचा. भर दुपारचं ऊन, कपाळावर बाशिंग, शिंगांना हिंगूळ, मागं गोठा आणि चार माणसं. एका दुकानातून पाटी आधीच करून आणली होती. लेझर जिथं पडतो तिथं दगड पांढरा होतो, म्हणून फोटोतलं काळं-पांढरं एकदा उलटं (इन्व्हर्ट) करावं लागतं. तिथं ते दोनदा झालं होतं. एकदा फोटोशॉपमध्ये इन्व्हर्ट केला आणि वर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये निगेटिव्हची खूण तशीच राहिली. तोंड पांढरं, अंग काळं. घरातली म्हातारी पाटीवर हात फिरवून म्हणाली, "ह्यो आमचा न्हाई." इन्व्हर्ट एकाच ठिकाणी करायचं असतं, कुठंही करा पण एकदाच.

नवी फाइल करताना आधी ज्या मोबाइलवर फोटो काढला तोच शोधला आणि मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की फोटो आक्रसतो आणि त्यात चौकोनी ठोकळे पडतात. शार्प करताना केसांच्या आधी तेच वर येतात. फोटोचा चौकोन 8 बाय 10 इंच ठरला, म्हणून फाइल 2032 बाय 2540 पिक्सेल, 254 डीपीआयने (एका इंचात 254 ठिपके). 254 एवढ्यासाठी की ओळींतलं अंतर 0.1 मिलिमीटर ठेवलं की तोच हिशेब बसतो आणि 10 पिक्सेल म्हणजे बरोबर 1 मिलिमीटर होतो. 600 डीपीआयने फोटो जास्त स्पष्ट येतो हा निव्वळ गैरसमज आहे. ठिपके एकमेकांवर चढतात आणि सगळं पांढरं होतं. तुमच्या गोळ्यामागं हेही कारण असू शकतं.

मागचा गोठा, माणसं सगळं काढून तिथं शुद्ध काळा भरला, म्हणजे तेवढा दगड कोराच राहतो. कानाच्या कडेचे केस मात्र 2-3 पिक्सेलच्या ब्रशने हातानं ओढले. कात्रीनं कापल्यासारखी कड ठेवली तर जनावर पुठ्ठ्याचं दिसतं.

मग ग्रेस्केल, म्हणजे रंगीत फोटोचा काळा-पांढरा, आणि तो एका बटणावर करू नका. फोटोशॉपचं ब्लॅक अँड व्हाइट किंवा गिम्पचा मोनो मिक्सर वापरा. लाल कंधारी जातीचं जनावर असेल तर लाल वाढवला की अंग उजळतं. काळ्या केसांवरची चमक आभाळाची असते, निळसर, म्हणून तिथं निळा थोडा वाढवायचा. फार वाढवला तर दाणे उठतात.

खरं काम यापुढं आहे. पांढरं अंग आणि काळं तोंड वेगवेगळ्या लेयरवर घ्यावं लागलं. 0 (पूर्ण काळं) ते 255 (पूर्ण पांढरं) च्या मापात पांढरं अंग 200 ते 220 पर्यंत खाली आणलं, तेव्हा वशिंडाची गोलाई आणि गळ्याच्या पोळीच्या घड्या दिसल्या. नाही तर खडूचा पट्टा झाला असता. काळं तोंड सरसकट उजळलं नाही. सरसकट उजळलं की काळा बैल करडा होतो. डॉज टूल (हातानं उजळायचा ब्रश) 8-10 टक्क्यांवर ठेवून गालाचं हाड, नाकाचा दांडा, डोळ्याभोवतीची वळी एवढ्याच जागा 90 ते 110 पर्यंत चढवल्या. काळा गाल काळ्या पार्श्वभूमीत विरत होता तिथं 60-70 ची बारीक उजेडाची कड दिली. डोळ्यातला ठिपका तेवढा पूर्ण 255, आणि किमान 10 पिक्सेलचा. त्याहून बारीक ठिपका दगडाच्या दाण्यात हरवतो आणि नजर मेलेली दिसते. तुमच्या लॅब्राडॉरलाही हेच करायचं आहे.

शार्पन नेहमी अंतिम मापावर. अनशार्प मास्क (कडा ठळक करायचा फिल्टर) दोनदा: आधी 25 टक्के, रेडियस 40; मग 200 टक्के, रेडियस 1.5, थ्रेशोल्ड 2. स्क्रीनवर फोटो खरखरीत दिसला पाहिजे. स्क्रीनवर गोड दिसला तर दगडावर धुकं येतं. दगडावर ठिपका थोडा फुलतो, म्हणून मधल्या छटा स्क्रीनवर वाटतात त्याहून जराशा गडद ठेवा. मग इन्व्हर्ट, मग जार्व्हिस किंवा स्टुकी डिथर, म्हणजे छटांचे सुटे ठिपके करायची पद्धत, आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक-बिट बीएमपी फाइल. जेपेग नको. डिथरनंतर माप एक टक्काही बदललं तर जाळीचे पट्टे पडतात. लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल पास-थ्रूवर, म्हणजे ठिपके जसेच्या तसे ठेवून, चालवा.

"वॅट वाढवा, फोटो उघडेल" असं मशीन विकणारे सांगतात. फायलीत केसच नसतील तर 150 वॅटची नळीही केस आणणार नाही. वाढीव पॉवरनं दगड वितळून काचेसारखा चमकतो, टवके उडतात आणि पांढरेपणा उलट कमी होतो. तुमच्या 60 वॅटला 250 मिलिमीटर प्रति सेकंद स्पीड आणि 20 ते 25 टक्के पॉवर इथून सुरू करा. ग्रॅनाइटवाल्याकडे ओट्याच्या सिंकसाठी कापलेला तुकडा पडून असतो, तोच दगड असेल तर मागून आणा आणि त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा चौकोन मारून पाहा. ठिपके सुटे आणि पांढरे दिसतील ती सगळ्यात कमी पॉवर तुमची. चारही कोपऱ्यांत फोकस तपासा, पाटी क्वचितच सपाट असते.

हे आकडे सीओटू नळीचे आणि 2 इंची लेन्सचे आहेत, फायबर या दुसऱ्या प्रकारच्या लेझरला लागू नाहीत. दगड घेताना पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन घासा. फडकं काळं झालं तर दगडाला रंग मारलेला आहे, परत करा. फोटोत कुत्र्याच्या अंगावर मुळात उजेडच नसेल, सगळीकडे 0 असेल, तर मात्र काहीही करता येत नाही. कुत्रा हयात असेल तर सकाळी ओसरीच्या दाराशी बाजूनं उजेड घेऊन, फ्लॅश न मारता नवा फोटो काढायला सांगा.

आणि पाटी देताना घरच्यांना बजावा की हार घाला, नारळ फोडा, पण तेल-तूप नको. तेल तडकलेल्या कणांत शिरलं की पांढरं पुन्हा काळं दिसतं. त्या बैलाच्या पाटीवर पहिल्याच पोळ्याला तेल ओतलं गेलं आणि तोंड दिसेनासं झालं. साबणाच्या कोमट पाण्यानं आणि दात घासायच्या मऊ ब्रशनं तीनदा धुऊन उन्हात वाळवल्यावर डोळा परत दिसला.