‘मारे गये गुलफाम’ आधी वाचावी, की ‘तीसरी कसम’ आधी पाहावा?

कथा आधी वाचा. फणीश्वरनाथ रेणूंची ही कथा सुरूच होते ती हिरामन गाडीवानाच्या पाठीत होणाऱ्या गुदगुल्यांपासून. मागं नौटंकीत नाचणारी हिराबाई बसलीय, चाफ्याचा वास येतोय अन् गडी बैलांशीच बोलत सुटलाय. आजोबांच्या बैलगाडीतून माळेगावच्या जत्रेला गेलेल्या माझ्यासारख्या नांदेडकराला ते लगेच उमगतं. ही आतली थरथर पडद्यावर पुरती येत नाही. याच कथेवरच्या १९६६ च्या ‘तीसरी कसम’ चित्रपटात जमीनदाराचं प्रकरण वाढवलंय, मला ते उपरं वाटतं. कथेत हिराबाई स्वतःच ठरवून निघून जाते, तेच जास्त लागतं. पण ‘सजनवा बैरी हो गए हमार’ चालू असताना वहिदा रेहमानच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. संवाद खुद्द रेणूंचेच, म्हणून बोलीचा गोडवा टिकलाय.