वाचकांचे प्रश्न : अण्णाभाऊंची शाळा

प्रश्न : अण्णाभाऊ साठे यांचे वाटेगाव आमच्याच वाळवा तालुक्यातले. दर वर्षी १ ऑगस्टला जयंतीच्या भाषणांत ‘दीड दिवस शाळा शिकलेला साहित्यिक’ असा त्यांचा गौरव होतो. एवढ्या शिक्षणावर तीसहून अधिक कादंबऱ्या कशा लिहून झाल्या असतील? आणि त्यांचे वाचन कोठून सुरू करावे?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : दीड दिवसाच्या शाळेचे कौतुक एवढे होते की त्यांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचायला वक्त्यांना सवडच उरत नाही. त्यांचे शिक्षण झाले, पण ते शाळेबाहेर. १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणीच कुटुंबासह पायी मुंबईला गेले, मिळेल ती मजुरी करत वाढले, गिरणीत राबले, कामगार चळवळीत वाचायला शिकले आणि तमाशाच्या फडात उभे राहिले. १९४३ मध्ये त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. उघड्या मैदानात, दिवसभर राबून आलेल्या हजारो श्रोत्यांना जागेवर बसवून ठेवायचे, तर लांबण लावून चालत नाही. पात्र आले की ते लगेच ओळखू आले पाहिजे आणि सवालाला जवाब तडकाफडकी मिळाला पाहिजे. हीच शिस्त त्यांच्या गद्यात उतरली आहे. तिचा तोटाही आहे, तो सांगितला पाहिजे: काही कादंबऱ्यांत खलनायक पहिल्या पानापासून काळाकुट्ट असतो आणि शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो.

सुरुवात कथेपासून करावी, आणि तीही ‘स्मशानातलं सोनं’ या कथेपासून. मुंबईच्या उपनगरातील खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा चितेच्या राखेत सोने शोधू लागतो. अखेरीस प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तो ती गमावून बसतो. त्यानंतर लगेच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारे हात निकामी झाल्यावर काम परत मिळते, एवढेच लेखक सांगतो आणि थांबतो. हळहळण्याचे काम त्याने वाचकावर सोडले आहे. हा संयम त्यांच्या सर्वच लेखनात नाही, म्हणूनच ही कथा आधी वाचावी.

प्रश्न : अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही घडलेली हकीकत मानावी की कल्पित?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : फकिरा हा वारणेच्या खोऱ्यात होऊन गेलेला खराखुरा माणूस, तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली ही रचना कादंबरी म्हणूनच वाचावी. गावासाठी जोगणी (जिच्यामुळे गावाची भरभराट होते असे मानतात ती) आणताना राणोजी मारला जातो, पुढे दुष्काळ आणि रोगराई येते, आणि त्याचा मुलगा फकिरा भुकेल्या माणसांसाठी धान्य व खजिना लुटतो. लुटीचे प्रसंग रंगतदार आहेत, पण त्यांच्या आधीची, घराघरांतील चुली विझत गेल्याची पाने भराभर उलटू नयेत. बंडाचे कारण तेथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला ही कादंबरी अर्पण का केली, हेही तेथेच कळते.