आधी 'दिसलं' की 'पाहिलं' ते ठरव

भाऊ, कथा वाचली. वावरातला प्रसंग जिवंत उतरलाय, लिहीत राहा. सध्या एवढंच सांभाळ.

पाहणं माणूस करतो, दिसणं आपोआप घडतं. म्हणून 'फूल निरखून पाहिलं' चालतं, 'निरखून दिसलं' नाही. 'दिसलं'ला 'अवचित', 'ओझरतं' शोभतं.

- 'निरखून न्याहाळलं' नको. न्याहाळण्यात निरखणं आलंच.
- ओळीओळीला 'अचानक' नको. नवखे इथंच घसरतात, मीही घसरलो होतो.

शब्द माणसावरून निवड. बांधावरून जाणारा पाहुणा पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीकडे, सहज बघेल. ज्याचं कर्ज त्याच पिकावर आहे, तो डोमकळी, म्हणजे अळी लागून पाकळ्या मिटलेलं फूल, दिसताच वाकेल, ती बोटांनी उलगडून आत गुलाबी अळी शोधेल. तिथं 'काळजीपूर्वक' लिहूच नकोस.