शाळेत जिम्नॅस्टिक्स केलं होतं, आता पस्तिशीत पुन्हा सुरू करता येईल का?

हो, येतं. मी दहावीला क्लासेस लागले तेव्हा जिम्नॅस्टिक्स सोडलं आणि चौतिसाव्या वर्षी, म्हणजे १९ वर्षांनी, ठाण्यातच पुन्हा मॅटवर उभी राहिले. त्याला आता तीन वर्षं झाली.

तुम्ही लिहिलंय की नववीपर्यंत खेळत होतात, आता घोडबंदर रोडला राहता, आणि मनात दोन भीती आहेत. हाडं मोडतील का, आणि लहान मुलांमध्ये आपल्याला लोक हसतील का. हसण्याचं आधी सांगते. मुलं पहिले दोन दिवस बघतात, मग आपली पाळी कधी येते याच्याच नादात असतात. बाकावर बसलेल्या आयांपैकी दोघींनी महिन्याभरात मला हळूच विचारलं, "आम्हालाही जमेल का हो?"

हाडांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. तुम्हाला वाटत असेल की विसरलेलं आठवायलाच वेळ लागेल. माझं उलट झालं. तिसऱ्या दिवशी कार्टव्हील, म्हणजे हात टेकून कडेने चाकासारखं फिरणं, आलं. हात कुठे टेकायचे, पाय कधी झटकायचा, काही विचार करावा लागला नाही. सायकल जशी विसरत नाही तसंच हे. स्नायूंची गेलेली ताकदही बऱ्यापैकी लवकर परत येते. पण स्नायू हाडाला जोडणारे टेंडन असतात, त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते बळकट व्हायला महिनेच्या महिने लागतात. आपल्याला मधल्या काळात कळतच नाही, कारण अंगात जोर आलेला असतो आणि हालचाल आठवत असते. मी दुसऱ्याच आठवड्यात राउंड ऑफ मारला, म्हणजे कार्टव्हीलसारखंच, पण शेवटी दोन्ही पाय एकदम जमिनीवर आणायचे. सुरेख बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐरोलीला जाताना ठाणे स्टेशनचा जिना उतरले, तर उजवी टाच टेकवेना. टाचेच्या मागच्या अकिलीस टेंडनला सूज आली होती. सहा आठवडे उड्या बंद, आणि रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर उचलायच्या नि अगदी सावकाश खाली सोडायच्या, एवढाच व्यायाम. तो मी आजही करते. तुम्ही तो पहिल्या दिवसापासून करा, दुखण्याची वाट बघू नका.

मनगटांचंही तेच. हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहताना, सगळं वजन काटकोनात वाकलेल्या मनगटांवर येतं. पंधराव्या वर्षी माझं वजन ४० किलो होतं, परत गेले तेव्हा ५८, आणि मधली सगळी वर्षं या मनगटांनी फक्त कीबोर्ड बडवला होता. पहिला महिना गुडघ्यांवर ओणवं होऊन तळवे जमिनीवर ठेवा. बोटं आधी पुढे, मग बाहेर, मग स्वतःकडे वळवून, थोडं थोडं वजन त्यांवर टाका. त्यानंतर पाय भिंतीला लावून अर्धा हँडस्टँड. पुरा हँडस्टँड मला सरांनी पाचव्या महिन्यात करू दिला, आणि तो उशीर योग्यच होता.

साध्या कोलांटीने चक्कर येईल, घाबरू नका. मी तीन मारल्या आणि दहा मिनिटं भिंतीला टेकून बसले. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग उलटसुलट होणं विसरलेला असतो. रोज एक, मग दोन, असं वाढवत नेलं की काही आठवड्यांत सवय होते.

आमच्या सरांनी पहिल्याच दिवसापासून पडायला शिकवलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. मागे पडताना आपला हात आपोआप मागे टेकायला जातो, आणि मनगट किंवा कोपर जातं ते तिथेच. हनुवटी छातीला लावायची, हात छातीशी घ्यायचे, पाठ गोल करून मागे लोळायचं. जिथे हे न शिकवता सरळ बॅक वॉकओव्हरला (मागे कमान करून हात टेकायचे आणि पाय वरून न्यायचे) उभं करतात, तिथे जाऊ नका.

बाळंतपण झालं असेल तर आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. उड्या मारताना लघवीचे थेंब येऊ शकतात. लाजून गप्प बसू नका आणि तसंच रेटूही नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात. व्यायामाने बहुतेकींना खूप फरक पडतो, मलाही पडला.

मनातली भीती निराळी. बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायची अरुंद तुळई, तेव्हाही १० सेंटिमीटर रुंद होता, आजही तेवढाच आहे. लहानपणी मी त्यावरून धावायचे. आता सव्वा मीटरवर उभी राहिले की डोळ्यासमोर घर, ऑफिस, मुलीची शाळा सगळं येतं. मागे जाण्याच्या हालचालीत तर मी मध्येच थिजायचे. अशा वेळी जोर करून मारू नका. अर्धवट मनाने मारलेली उडी सगळ्यात धोक्याची. जमिनीवर आखलेल्या पट्टीवर या, मग बुटक्या बीमवर, सरांचा हात पाठीला असू द्या. मला पट्टीवरून बुटक्या बीमवर जायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांतला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

लोक तुम्हाला उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना हिचं उदाहरण देतील. १९९२ च्या बार्सिलोनापासून टोकियोपर्यंत आठ ऑलिंपिक, शेवटचं वयाच्या ४६ व्या वर्षी. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे, पण आपल्यासारखा एवढा मोठा खंड तिने कधी पडू दिला नाही. तिच्या वयाकडे बघून हिंमत घ्या, सरावाचं वेळापत्रक मात्र स्वतःच्या सांध्यांना विचारून ठरवा. मी आठवड्यातून दोनच दिवस जाते, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती.

आता जागेचं. बहुतेक ठिकाणी मुलांच्याच बॅच असतात. मी चार ठिकाणी विचारलं, दोघांनी सरळ नाही म्हटलं. "मला स्पर्धा खेळायची नाही, मुलांची बॅच सुटल्यावरची वेळ चालेल" असं म्हटल्यावर तिसऱ्या ठिकाणी दार उघडलं. आधी जाऊन एक बॅच बघा. पडलं तरी लागू नये म्हणून जाड क्रॅश मॅट आहेत का, अवघड हालचालीला सर स्वतः आधार देतात का, एवढं डोळ्यांनी पाहून घ्या. आणि शक्यतो घराजवळचं बघा. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर बसून आखडलेल्या अंगाने थेट मॅटवर उतरणं बरं नाही. लांबच जावं लागलं तर वॉर्म-अपला पूर्ण अर्धा तास ठेवा. जुलैत हॉलमध्ये एवढा दमटपणा असतो की चॉक (हात घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पावडर) लावूनही हात बारवरून सटकतात, ते दिवस जमिनीवरच्या कामाला द्या.

पहिल्या दिवशी अंगाला बसणारा टीशर्ट घाला, सैल असला तर उलटं झाल्यावर तोंडावर येतो. केस घट्ट बांधा. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवून जा.