प्रत्येक वेळी यामाहाच का सुचवता?

ताई, मुलगी आठवीत, राहायला मालवणात, बजेट बारा हजारांचं. तेवढ्याच पैशांत ऑनलाइन एक कटअवेवाली (मानेजवळ अंगाला खाच असलेली), पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारं यंत्र) बसवलेली गिटार मिळतेय, वर बॅग, बेल्ट आणि कापो (मानेवर लावायचा चिमटा) फुकट. मग मी विचारणाऱ्या प्रत्येकाला यामाहाचीच गिटार घ्या असं का सांगतो, आणि माझं त्यांच्याशी काही देणंघेणं आहे का, हा तुमचा प्रश्न. विचारलंत ते बरं केलंत. देणंघेणं काही नाही. माझं दुकान नाही, कमिशन घेत नाही. कुडाळात सतरा वर्षं गिटार शिकवतो, आणि आसपासच्या गिटारी दुरुस्तीला येतात त्या जमेल तशा बघतो.

यामाहाचं एफ३१० हे मॉडेल घ्या. उत्तर एवढंच. पण मुलीच्या हातात पुढची पाच-सहा वर्षं राहणार ती वस्तू आहे, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. क्लासमधल्या कुणासाठीही नवीन गिटार आली की खोका उघडल्या उघडल्या मी ती मापतो आणि लिहून ठेवतो: बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेची उंची किती, पहिलीची किती, कुठल्या फ्रेटवर तार खरखरते, खुंट्या सैल आहेत का, फ्रेटची टोकं बोटाला लागतात का. ही सवय मला दोन-तीनदा तोंडावर आपटल्यावर लागली. त्या वहीत आजवर ४१ यामाहा आहेत, बहुतेक एफ३१०, थोड्या एफजी८०० आणि सी४०. सहाव्या तारेची उंची जवळजवळ प्रत्येक वेळी अडीच ते तीन मिलिमीटरच्या मध्ये. परत पाठवाव्या लागल्या त्या दोन. एकीचा खोकाच वाटेत चेपला होता, दुसरीची एक खुंटी फिरत होती. बाकी ३९ गिटारी खोक्यातून काढल्या, सुरात लावल्या आणि त्याच दिवशी मुलांनी वाजवल्या.

याच वहीत दुसऱ्या एका कंपनीच्या सात गिटारी आहेत. नाव लिहीत नाही, तुम्हाला दिसतेय ती तीच असेल असंही नाही. त्या सातांपैकी दोन इतक्या गोड होत्या की मी स्वतःसाठी ठेवाव्यात असं वाटलं. उरलेल्या पाचांना पाच वेगळे आजार. एकीच्या सातव्या आणि आठव्या फ्रेटवर सूर एकच, कारण आठवा फ्रेट वर आलेला. एकीची मान पिळलेली. मॉडेल तेच, किंमत तीच, रंगही तोच.

माझी निष्ठा कुठून आली ते इथे आहे. यामाहाची सगळ्यात चांगली गिटार जगातली सगळ्यात चांगली असते असं मी कधीच म्हटलं नाही. त्यांची सगळ्यात वाईट निघालेली गिटारसुद्धा वाजवता येते, हे माझं म्हणणं आहे. आणि आपल्याकडे, कोकणात, याचं मोल मुंबईपेक्षा कितीतरी जास्त आहे. मुंबईतला माणूस धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जातो, एकाच मॉडेलच्या चार गिटारी काढायला लावतो, मांडीवर घेऊन बघतो आणि त्यातली बरी उचलतो. तुम्ही-आम्ही काय करणार? रात्रीची कोकणकन्या पकडून जायचं, दिवसभर दुकानं फिरायची आणि दुसऱ्या रात्री परत यायचं, हे कितीजणांना जमतं? आपल्याला कुरिअरवाला जी आणून देईल ती. निवडायची संधीच नसेल तर निवड आधी कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेली हवी, आणि ती कारखान्यातच व्हायला हवी.

तंबोऱ्याशी तुलना करून बघा. मिरजेचा तंबोरा (२०२४ साली त्याला जीआय मानांकन मिळालं, फार आनंद झाला होता) घ्यायला माणूस मिरजेला जातो. कारागिराचा हात बघतो, भोपळा बघतो, आणि तो कारागीर तुमच्यासमोर बसून, तुमच्या गळ्याच्या पट्टीला तंबोरा लावून, तारांखालची घोडी घासून जवारी काढून देतो. तिथे विश्वास माणसावर असतो आणि तो डोळ्यांसमोर पारखून घेता येतो. गिटारीची जवारी तुमच्यासमोर कुणी काढत नाही. नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) किती खोल कापला, फ्रेट सारखे बसले का, सॅडलची (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) उंची बरोबर आहे का, हे सगळं हजारो मैलांवर कुणीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं. त्या न दिसणाऱ्या माणसाने सोमवारी जेवढं लक्ष दिलं तेवढंच शनिवारी संध्याकाळी दिलं असेल का, इतकाच प्रश्न उरतो.

आता ज्या प्रसंगामुळे मी याबाबत इतका हट्टी झालो तो सांगतो. वेंगुर्ल्याची एक मुलगी क्लासला यायची, सातवीतली. वडील मासेमारीवर, त्यांनी हौसेने स्वस्तातली एक देखणी निळी गिटार मागवली. तेव्हा मी प्रत्येक गिटार तपासत नसे. मुलगी चार महिने एफ कॉर्डवर (तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा दाबायचा सुरांचा मेळ) अडकली. मी रोज सांगत राहिलो, अंगठा खाली घे, कोपर आत घे, सराव वाढव. तिच्या डाव्या तर्जनीवर तारेचे सहा काळे वळ उठलेले असायचे. एक दिवस म्हणाली, "सर, ह्या माका जमाचा नाय, माजो हातच तसो नाय," आणि यायची बंद झाली. पुढे तिचा भाऊ तीच गिटार विकायला घेऊन आला तेव्हा मी पहिल्यांदा ती नीट हातात घेतली. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघितली. तिथे केसाएवढी फट असायला हवी, इथे पोस्टकार्ड दुमडून आत गेलं असतं. नटाच्या खाचा निम्म्याच कापलेल्या होत्या. त्या गिटारीवर एफ कॉर्ड माझ्यानेही दोन मिनिटांवर धरवेना. सुईच्या आकाराच्या कानशीने पंधरा मिनिटं घासल्यावर ती सुधारली. पंधरा मिनिटांचं काम होतं ते, आणि त्या पोरीने चार महिने दोष स्वतःच्या हाताला दिला होता. मी तिच्या घरी जाऊन सांगून आलो, पण ती परत आली नाही.

म्हणून फुकटच्या कापोचं मला काही वाटत नाही. शिकणाऱ्याला चूक आपली की वाद्याची हे कळत नसतं. पाच वर्षं वाजवलेला माणूस खोट ओळखतो, घासून घेतो, नाहीतर परत पाठवतो. आठवीतली मुलगी रडते आणि सोडून देते.

एकसारखेपणाचा आणखी एक फायदा मला शिकवताना कळला. क्लासमध्ये सध्या अकरा मुलं आहेत, त्यातल्या नऊ जणांकडे एफ३१०. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात आमची चार मुलं वाजवत होती. दुसऱ्या कडव्याला एकाची पहिली तार तुटली. विंगेत उभ्या असलेल्या मित्राने आपली गिटार पुढे केली, याने ती गळ्यात घातली आणि पुढच्या ओळीला गाणं पकडलं. मानेची जाडी तीच, नटाची रुंदी तीच ४३ मिलिमीटर, तारांची उंची तीच, त्यामुळे बोटं कुठे अडखळली नाहीत. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या दोन गिटारी होत्या त्या.

आता पावसाबद्दल, कारण तुम्ही समुद्राजवळ राहता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. गिटारीचं लाकूड साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत खूश असतं. त्याहून जास्त ओल मिळाली की ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, ब्रिजच्या (तारा अडकवतात त्या अंगावरच्या लाकडी पट्टीच्या) मागे पोट येतं आणि तारा वर उचलल्या जातात. पावसाळा संपून मतलई वारे सुटले की तेच लाकूड आकसतं. गिटार घेताना इंटरनेटवर बऱ्याचदा सल्ला सापडेल, की "सॉलिड टॉप"च (वरचा तक्ता अखंड लाकडाचा असलेलीच) घ्या. मी तुम्हाला उलटं सांगतो. सॉलिड टॉपचा आवाज जास्त मोकळा असतो यात शंका नाही, एफजी८०० त्यासाठीच घ्यावी. पण ती तुमच्या बजेटच्या वर जाते, आणि तिला जपावंही लागतं. एफ३१० चा वरचा तक्ता थरांचा आहे, बाहेरून स्प्रूसचं लाकूड. थरांच्या रेषा एकमेकांना आडव्या असतात, म्हणून एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. मालवणातल्या पहिल्या गिटारीला हाच गुण हवा. क्लासमधली सगळ्यात जुनी एफ३१० चौदा पावसाळे झेलून उभी आहे, ब्रिज एकदाही सुटला नाही.

कंपनीचा इतिहास मी एरवी सांगत बसत नाही, पण एक गोष्ट मला फार आवडते. तोराकुसू यामाहा या माणसाने १८८७ साली जपानमधल्या हामामात्सू गावच्या शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, आणि तिथून स्वतः ऑर्गन बनवायला लागला. आपल्या संगीत नाटकांत साथीला असतो तो ऑर्गन, म्हणजे पायपेटी, त्याच जातीचं वाद्य. सुरुवात दुरुस्तीपासून झाली, दुसऱ्याच्या वाद्यात काय चुकलं ते शोधण्यापासून, हे मला महत्त्वाचं वाटतं. एफजी मालिकेतली एफजी१८० ही १९६६ सालची. आजही त्या काळच्या लाल लेबलवाल्या गिटारी लोक शोधून शोधून घेतात.

दोष आहेत, तेही सांगतो. एफ३१० चा आवाज थोडा दबलेला आहे, घुमत नाही. पिकअप नाही, म्हणजे स्टेजवर माइक लावावा लागेल. नट आणि सॅडल प्लास्टिकचे. कारखान्यातून येणाऱ्या तारा आपल्याकडे पोचेपर्यंत काळवंडलेल्या असतात. आणि सॅडल जरा उंचच ठेवलेला असतो. पण हा उंचपणाही प्रत्येक गिटारीत सारखाच असल्यामुळे किती घासायचं ते मला आता न मापता कळतं. मुलीची बोटं लहान असतील तरी काळजी नको. हिची तारेची लांबी ६३४ मिलिमीटर आहे, एफजीची ६५०, त्यामुळे फ्रेट किंचित जवळ येतात आणि ताणही थोडा कमी. नायलॉनच्या तारांची सी४० बोटांना मऊ, पण तिची मान नटापाशी ५२ मिलिमीटर रुंद. शास्त्रीय पद्धतीने शिकायचं असेल तरच ती घ्या. सिनेमाची गाणी कॉर्डवर वाजवायची तर स्टीलच्या तारा हव्यात.

घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, नकली यामाहाही बाजारात फिरतात. पोकळीच्या आत डोकावलं की अनुक्रमांक दिसतो, तो बिलावर लिहून घ्या. खोका उघडताना मोबाइलवर व्हिडिओ करा. मग तीन गोष्टी बघा. तिसऱ्या फ्रेटवर एकेक तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट, वर सांगितली तशी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून, कुठे खरखर किंवा दोनदा तोच सूर येतो का. आणि वहीचा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा, तो आत जाता कामा नये. यातलं काही चुकलं तर माझ्यावर किंवा कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून गिटार ठेवून घेऊ नका, त्याच दिवशी परत पाठवा. ४१ मध्ये दोन मीही पाठवल्यात.

ठेवायची कुठे, तर पावसाची झड लागते त्या भिंतीला कधीही टांगू नका. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, आणि बॅगेत सिलिका जेलच्या चार पुड्या. त्या जूनमध्ये बदला, ऑगस्टमध्ये पुन्हा बदला. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने तारा खालून-वरून पुसायच्या, खारा वारा तारा खातो. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवू नका, उन्हात डिंक मऊ पडून ब्रिज निसटतो.

आली की आठवडाभर मुलीला तशीच वाजवू द्या. मग एखाद्या शनिवारी कुडाळला घेऊन या, सॅडल घासून अकराच्या (जरा बारीक) तारा चढवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तारांचे पैसे तेवढे द्या. एसटीने येणार असाल तर गिटार वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या.