स्वस्त कोटेशन, निम्मा अॅडव्हान्स आणि डोंबिवलीतलं घर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्राचा सारांश वाचकांसाठी थोडक्यात देतो. डोंबिवली पूर्वेला 1998 साली बांधलेल्या इमारतीत तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. दोन्ही बाथरूममधून खालच्या मजल्यावर ओल उतरते आणि वायरिंग जुनं झालंय. दिरांच्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने सगळं काम साडेआठ लाखांत करून देतो म्हटलंय. निम्मे पैसे आधी, तेही रोख, आणि बिल नाही. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं आयटमवार कोटेशन 9 लाख अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10 लाख 62 हजार. तुमच्याकडे 7 लाखांच्या ठेवी आहेत, गृहकर्जाचा हप्ता धरून महिन्याचा खर्च 70 हजार. ठेवी मोडून वर 5 लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सरळ सांगतो. पहिल्याला काम देऊ नका, दुसऱ्याला सगळं देऊ नका, आणि पर्सनल लोन तर घेऊच नका.

आधी सोसायटीचं. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. माझ्या लेखी ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ आहे, कारण इमारतच पाडायची ठरली तर घरात केलेला खर्च पाण्यात जातो. राज्य शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी 51 टक्के लोकांच्या संमतीने पुनर्विकास पुढे सरकू शकतो. सेक्रेटरींना भेटा, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचा. विकासकाच्या निवडीपर्यंत गोष्ट गेली असेल, तर गळती थांबवा, धोक्याचं वायरिंग बदला आणि तिथेच थांबा. नुसत्या गप्पाच असतील तर पुढचं वाचा.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचा कागद तुम्ही पाठवलाय. त्यावर एवढंच आहे: ‘टाइल्स, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, पीओपी, फर्निचर, कलर – संपूर्ण.’ टाइलचा बेसिक रेट (चौरस फुटाचा मूळ दर) नाही, प्लाय कुठला ते नाही, वॉटरप्रूफिंगचा तर उल्लेखच नाही, आणि तुमचं मूळ दुखणं तेच आहे. फरशी आणि बाथरूमच्या भिंती धरून तुम्हाला साधारण 1100 चौरस फूट टाइल लागेल. त्याने मनात 45 रुपयांची धरली असेल आणि तुम्ही दुकानात 80 रुपयांची पसंत केलीत, तर एकट्या टाइलमध्ये 38,500 रुपये ‘एक्स्ट्रा’ होतात. मग प्लायचं, नळांचं, तोडफोडीचं रॅबिट, म्हणजे राडारोडा, उचलण्याचं. निम्मे पैसे त्याच्याकडे गेलेले असताना तुम्ही त्याच्याशी घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

रोखीचं तर कायद्यातच बसत नाही. एका व्यवहारापोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि तुकडे पाडून दिली तरी व्यवहार एकच राहतो. दंड घेणाऱ्याला होतो हे खरं, पण पुरावा तुमचा जातो. काम बिघडलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, मात्र तिथे कोटेशन, बिल आणि बँकेतल्या नोंदी लागतात. त्याच बिलांवर पुढे घर विकताना नव्या बांधीव कामांचा खर्च सुधारणा खर्च म्हणून विक्रीच्या नफ्यातून वजा दाखवता येतो. जीएसटीबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याने नोंदणी न करणं चूक नाही. पण अशी तीनच कामं केली तरी तो ती मर्यादा ओलांडतो.

दिरांना वाईट वाटेल ही तुमची काळजी मला समजते. त्यांना सांगा की बँकेला आयटमवार कोटेशन दाखवायचंय. टॉप-अपसाठी, म्हणजे चालू गृहकर्जावरच्या वाढीव कर्जासाठी, बँक ते मागू शकते, त्यामुळे यात खोटं काही नाही.

आता पैशांचं. दुसऱ्याच्या कोटेशनमधलं फर्निचर आणि फॉल्स सीलिंग 3 लाख 20 हजारांचं आहे. ते काढा. उरतात 5 लाख 80 हजार, जीएसटीसह 6 लाख 84 हजार. ठेवींतले साडेतीन लाख वापरा आणि साडेतीन लाखांना हात लावू नका, ते तुमचे पाच महिने आहेत. चालू गृहकर्जावर 4 लाखांचं टॉप-अप घ्या. व्याज 9 टक्के धरलं तर पाच वर्षांसाठी हप्ता साधारण 8,300 रुपये आणि एकूण व्याज 98 हजार. तुमचं 5 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी घेतलं असतं तर हप्ता 11,600 च्या पुढे आणि व्याज जवळजवळ 2 लाख. माझ्या हिशेबात 66 हजार शिल्लक राहतात, ते मुद्दाम. जुन्या इमारतीत लादी उखडल्यावर खाली काय निघेल ते मिस्त्रीलाही आधी कळत नाही. दुरुस्तीसाठीच्या कर्जाच्या व्याजावर राहत्या घराला जुन्या करप्रणालीत वर्षाला 30 हजारांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत काही नाही.

कॉन्ट्रॅक्टरला पैसे कामामागून द्या, कामापुढे नाही. सुरुवातीला 10 टक्के पुरे. पुढचा हप्ता तोडफोड होऊन पाइप आणि वायरिंग टाकून झाल्यावर, आणि गिलावा होण्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक पाइपचे फोटो काढून ठेवा. नंतर भिंतीत खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात. त्यापुढचा हप्ता वॉटरप्रूफिंगची चाचणी झाल्यावरच. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड, बोळा कोंबून बंद करायचा, तीन-चार इंच पाणी भरायचं, 48 तास ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन स्वतः छत बघायचं. तोवर एकही टाइल बसू देऊ नका. माणसं बसून राहतात म्हणून कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, तरीही. शेवटचे 10 टक्के हातात ठेवा: निम्मे बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावर, निम्मे तीन महिन्यांनी. हे सगळं सही करण्याआधी कोटेशनवरच लिहून घ्या, तोंडी नको.

दिवाळीच्या आत संपवून देतो, असं दोघंही म्हणतायत. मी दिवाळीनंतर सुरू करेन. सणाआधी प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरची तीन-चार कामं एकदम चालू असतात, दिवाळी-छठला बरेच कारागीर गावी जातात आणि अर्धवट बाथरूम घेऊन तुम्ही बसाल. तोवर सोसायटीची लेखी परवानगी काढा, डिपॉझिट आणि कामाच्या वेळा विचारून ठेवा. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने केलेलं एखादं काम बघायला जा. नुकतं संपलेलं नको, एक पावसाळा काढलेलं बघा, आणि घरमालकाला एवढंच विचारा की पैसे देऊन झाल्यावर हा माणूस फोन उचलतो का. फर्निचर वगळून तो काम करायला नाखूश असेल, तर तिसरं कोटेशन मागवा. दिवाळीपर्यंत तेवढा वेळ आहे.