आधी वही, मग अर्ज

वाचकांचे प्रश्न : पदवीचे विद्यार्थी आणि संशोधन

प्रश्न : मॅडम, मी एसवायबीएस्सीला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. मला संशोधन करायची फार इच्छा आहे. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ते एमएस्सीनंतर बघ, आधी प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण कर." आमच्या लॅबमध्ये धड चालणारे मायक्रोस्कोप दोनच आहेत. मैत्रिणीची बहीण उन्हाळ्यात पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत दोन महिने काम करून आली. तसं मलाही मिळेल का? अर्ज कुठे करायचा, फी किती असते? यंदा साठवणुकीच्या चाळीतला कांदा फार सडला, वडील त्याच काळजीत आहेत, त्यामुळे फी जास्त असेल तर जमणार नाही. माझं इंग्रजीही कच्चं आहे.
– एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर : फीची काळजी आधी मिटवते. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या संशोधन योजना तुझ्याकडून पैसे घेत नाहीत. त्या विद्यावेतन देतात, नाहीतर निदान राहण्याजेवण्याची सोय करतात. 'इंटर्नशिप देतो, एवढे हजार भरा' असं कुणी म्हणालं तर तिकडे फिरकू नकोस.

आता चाळीबद्दल. तुझ्या पत्रातलं कांद्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. तू ते फीची अडचण सांगायला लिहिलंस, पण मला त्यात तुझा विषय दिसला. नाशिकच्या कॉलेजांत मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. एवढ्या वर्षांत मुलांनी आणलेले बहुतेक प्रकल्प कुठल्या तरी जुन्या प्रकल्पावरून उतरवलेले असत. तुझ्या घरात मात्र खरा, न सुटलेला प्रश्न पडून आहे, आणि त्याचं उत्तर तुझ्या वडिलांनाही हवं आहे.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि पुढे दिवाळीपर्यंत चाळीत टिकवावा लागतो. तेवढ्या काळात तो तीन तऱ्हांनी कमी होतो : पाणी उडून वजन घटतं, सड लागते आणि पुढे कोंब फुटतात. घरी आपण सगळं एकत्र करून 'एवढा गेला' म्हणतो. कशाने किती गेला, चाळीच्या कुठल्या भागात जास्त गेला, हे सहसा कुणी वहीत मांडत नाही. ते तू मांड.

येत्या हंगामात वडिलांकडून नव्वद किलो कांदा माग. जाळीच्या नऊ गोण्या घे, प्रत्येकीत दहा किलो भर. तीन गोण्या चाळीच्या तळाशी, तीन मधल्या थरात, तीन वर. एकेक ठेवून का चालणार नाही? एका गोणीत चुकून मार लागलेले कांदे जास्त आले, तर दोष जागेचा की गोणीचा हे कधीच कळणार नाही. म्हणून भरतानाही निवडून भरू नकोस. ढिगातून आळीपाळीने एकेक कांदा प्रत्येक गोणीत टाकत जा. गोण्या चाळीच्या दाराच्या बाजूला ठेव, म्हणजे तळाची गोणी काढायला सगळी चाळ उकरावी लागणार नाही. मग दर पंधरा दिवसांनी वजन घे. सडलेले आणि कोंब आलेले कांदे वेगळे काढ, त्यांची संख्या आणि वजन दोन्ही लिही, आणि मगच टाकून दे. काढलेल्यांचं वजन लिहायचं राहिलं तर पाणी किती उडालं आणि सडीत किती गेलं, हा हिशेब पुन्हा लागत नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र चाळीत टांगून ठेव आणि रोज ठरलेल्या वेळी आकडे टिप. कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसली तर ती बहुधा ॲस्परजिलस नायजर ही बुरशी असते. ती टाचणीने काचपट्टीवर घे आणि कॉलेजात मायक्रोस्कोपखाली बघ. एवढ्या कामाला दोन मायक्रोस्कोप पुरतात.

वही शिवलेली घे, सुटी पानं नकोत. पानांवर क्रमांक घाल, रोज तारीख टाक, खाडाखोड केलीस तरी मूळ आकडा वाचता येऊ दे, आणि महिन्यातून एकदा सरांची सही घे. मी हे कळकळीने सांगते आहे. एमएस्सीला असताना माझ्या सहा महिन्यांच्या नोंदी एका ज्येष्ठांनी स्वतःच्या नावाने वापरल्या. माझ्याकडे होते सुटे कागद, त्यांवर ना तारीख ना सही. मला काहीच सिद्ध करता आलं नाही. ते दुःख अजून गेलेलं नाही, आणि तुझ्या वाट्याला ते येऊ नये.

सरांवर रागावू नकोस. त्यांच्यावर किती वर्गांचा आणि परीक्षांच्या कामाचा भार असतो ते मी आतून पाहिलं आहे. 'मला संशोधन करायचं आहे' म्हणून गेलीस तर त्यांना ते आणखी एक ओझं वाटेल. दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन जा आणि विचार, "सर, मधल्या थरात सड जास्त येते आहे, कशामुळे असेल?" असा प्रश्न आला की शिक्षक खुर्ची पुढे ओढतो.

आधी कुणी काय काम केलं आहे ते ग्रंथपालांकडून मिळव. तुमच्या कॉलेजने एन-लिस्ट ही ऑनलाइन नियतकालिकांची सोय घेतली असेल तर ग्रंथपाल तुला लॉगिन देतील आणि हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडतील. मुलांनी विचारलंच नाही म्हणून ही सोय वर्षानुवर्षं पडून राहिलेली मी पाहिली आहे. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध आहेत, त्याला लॉगिनही लागत नाही. कांदा साठवणुकीवरचा एखादा प्रबंध उघड आणि त्यातलं फक्त 'पद्धती' हे प्रकरण वाच. इंग्रजी अडलं तर अडू दे, तक्ते कळतील.

आणि माणसं तर तुझ्या आसपासच आहेत. पिंपळगाव बसवंतला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कांदा व द्राक्ष संशोधन केंद्र आहे. चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं केंद्र आहे. थोडं लांब, राजगुरुनगरला, कांदा आणि लसूण यांवरच काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. आधी फोन करून वेळ घे, वही सोबत ने आणि मराठीत बोल. तिथल्या शास्त्रज्ञांना चाळ समजावून सांगावी लागत नाही.

आता अर्जांकडे येते. पहिला 'आविष्कार'. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 पासून चालते. कॉलेजातून विद्यापीठापर्यंत आणि तिथून राज्य पातळीपर्यंत जाता येतं, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो. कॉलेजात तिचं काम बघणारे एक समन्वयक असतात. कोण आहेत ते जुलैतच विचारून ठेव. बक्षिसाचं राहू दे, परीक्षक उभ्या उभ्या जे प्रश्न विचारतात ते लिहून आण. पुढच्या वर्षीचं काम त्यांतूनच निघेल.

दुसरी सोय मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा त्यांचा 'नियस' हा कार्यक्रम 2004 पासून चालू आहे आणि त्यात जीवशास्त्रही आहे. आधी शिबिर होतं, त्यातून काहींना पुढे प्रकल्प मिळतो. नाशिकरोडहून सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील.

मैत्रिणीच्या बहिणीला मिळालं तशा कामासाठी बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायचं. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्याच्या तोंडाशीच मागवतात, आणि इथेच आपल्याकडची मुलं चुकतात; मार्चमध्ये चौकशी करतात तेव्हा निवड होऊन गेलेली असते. अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र आणि तुला काय करायचं आहे याचं छोटं टिपण लागतं. बहुतेक टिपणांत 'मला विज्ञानाची आवड आहे' असं असतं. तुझ्या टिपणात नऊ गोण्या असतील. ते आधी मराठीत लिही, एका वाक्यात एकच गोष्ट ठेव, मग इंग्रजीत आण आणि इंग्रजीच्या मॅडमना दाखव. अलंकारिक इंग्रजीची तिथे गरज नसते.

पैशाची फारच ओढाताण असेल तर विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घाल आणि काम ग्रंथालयात किंवा लॅबमध्ये मागून घे. आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथं वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' म्हणून करता येतं, आणि त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के मिळाले तर एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होता येतं. चौथ्या वर्षाची ही सोय तुमच्या कॉलेजात आहे का, हे आजच विचार. नसेल तर कॉलेज बदलायचं की नाही, यावर घरी बोलायला तुझ्याकडे अजून वेळ आहे.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला एका आंतरराष्ट्रीय जर्नलची मेल आली आहे. साडेतीन हजार भरले तर तीन दिवसांत पेपर छापून प्रमाणपत्र देतो म्हणतात. पुढे परदेशी अर्ज करताना उपयोग होईल, असं तो म्हणतो. भरू का?
– एक पालक, सिन्नर

उत्तर : भरू नका. पेपर छापण्याआधी त्या विषयातले किमान दोन-तीन जाणकार तो तपासतात, चुका दाखवतात, दुरुस्त्या सुचवतात. याला महिने लागतात. तीन दिवसांत छापतात याचा अर्थ तो कुणी वाचलेलाच नाही. काही चांगली नियतकालिकंही पैसे घेतात, हे खरं; पण ती आधी तपासणी करतात, आणि बहुधा पेपर स्वीकारल्यावरच पैसे घेतात.

मुलाला सांगा, संपादक मंडळातलं एक नाव निवड, त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्यांचा पत्ता शोध आणि तुम्ही खरंच या मंडळावर आहात का, असं त्यांनाच विचार. कितीतरी वेळा त्यांना आपलं नाव तिथे आहे याची कल्पनाही नसते. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी बघून थोडा आधार मिळायचा, पण 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादी बंद केली. त्यामुळे आता पारख आपल्यालाच करावी लागते. परदेशी अर्ज तपासणारे लोक असे पेपर ओळखतात, आणि एकदा छापलेलं नाव मागे घेता येत नाही. त्या साडेतीन हजारांत त्याला प्रकल्पासाठी सेन्सर आणून द्या.

प्रश्न : मी एमए इतिहास करते. 'आविष्कार' फक्त सायन्सवाल्यांसाठी असतं का? आणि आमच्या विषयात नाशिकमध्ये करण्यासारखं काय आहे?
– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : मुळीच नाही. 'आविष्कार'चे सहा गट आहेत आणि त्यांतला एक मानव्यविद्या, भाषा व ललित कलांचा आहे.

आणि करण्यासारखं काय, असं विचारतेस? पांडवलेण्यांच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून दिले : 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढायचं नाही, व्याजावर भिक्षूंचा खर्च चालायचा. दोन श्रेणींचे दर वेगळे का असतील? जुन्नर आणि कार्ले इथल्या लेण्यांतल्या दानांशी हे ताडून बघितलंस तर एका प्रबंधिकेचं काम झालं. गोदाकाठच्या मातीच्या गढीत 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या तुकडीने उत्खनन केलं, त्याचा छापील अहवाल आहे. सार्वजनिक वाचनालय तर 1840 पासूनचं आहे. तिथल्या जुन्या ग्रंथांची यादी हातात घेऊन एक दुपार बस.

पुढे पीएचडी करायची असेल तर नेट या पात्रता परीक्षेची तयारी आताच धर. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. त्याखेरीज बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांतलं काय काय लागतं ते बघून आत्ताच काढायला टाक. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांग लावलीस तर उशीर होतो. आणि लेण्यांवर जाशील तेव्हा सकाळी लवकर जा, सोबत टॉर्च ने. तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडा जास्त स्पष्ट दिसतात.